बुढ्याचा पहारेकरी लाखांदूरच्या गाडीत

भंडारा जिल्हा बघायला म्हणून कोणी जात नाही. भाद्रपदात मी तिकडे जाऊन आलो असे शेजाऱ्यांना सांगितले, तर पहिला प्रश्न आला, "कोण गेलं?" पुण्याचा माणूस नागपूरच्या पलीकडे जातो तो लग्नाला नाहीतर मयताला, अशी आमच्या गल्लीची पक्की समजूत आहे. त्यातून विदर्भ म्हटला की ऊन आणि संत्री, एवढ्यावर आमचा भूगोल संपतो. या मंडळींनी एकदा भाद्रपदात वैनगंगा ओलांडावी. पूल मागे पडला की दोन्ही बाजूंना जे हिरवे सुरू होते ते डोळ्यांना पुरत नाही. कोकणात भात डोंगराच्या कडेकपारीला धरून उभा असतो. इथे तो ऐसपैस पसरलेला. त्याला इथे धान म्हणतात, खाचराला बांधी म्हणतात, आणि दर दोन मैलांवर एक तलाव पाणी राखून बसलेला असतो.

मी गेलो तो मात्र धान बघायला नाही. मला तार आली होती: "नागपूरला ये. मायकडे जाऊ. नबील." दहा वर्षांत या गृहस्थाची तीन पोस्टकार्डे आली होती, तीही पत्त्याशिवाय. बायको म्हणाली, "जा. नाहीतर वर्षभर माझं डोकं खाशील." मी रजा टाकली आणि निघालो.

नागपूर

आधी नबील कोण ते सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला पुण्यात प्रवेश मिळाला नाही म्हणून मी शेतकी शिकायला नागपूरला गेलो. वसतिगृहात माझ्या खोलीत दोघे होते. एक लाखांदूरकडचा देवराम, आणि दुसरा नबील, पॅलेस्टिनी. त्याच्या आईबापांचे गाव त्याच्या जन्माआधीच गेले होते. तो लेबनॉनमध्ये, सैदा शहराबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला. सुटी लागली की मी पुण्याला जाई, देवराम गावी जाई आणि नबील रिकाम्या वसतिगृहात भिंतीकडे बघत बसे. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला देवरामने त्याची वळकटी उचलली आणि त्याला घरी नेले. देवरामच्या आईने, म्हणजे मायने, त्याला बघितले, जेवू घातले आणि सांगितले, "घर नाही म्हनते तं हे काय गोठा आहे?" तेव्हापासून प्रत्येक सुटीला तो तिकडेच.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली की छावणीवर विमानांनी बॉम्ब टाकले, आणि नबीलची आई ढिगाऱ्याखाली गेली. देवराम त्याला सरळ गावी घेऊन गेला. पुढे काही महिन्यांनी, आम्ही परीक्षेच्या आधी आपापल्या घरी असताना, नबील वसतिगृहातून नाहीसा झाला. परीक्षाही दिली नाही. नंतर अरब पोरांकडून एवढेच कळले की तो बैरुतला आहे आणि त्याने बंदूक घेतली आहे.

नागपूरच्या स्टँडवर मी त्याला ओळखले नाही. त्याने मला मागून ओळखले. "मोठा झाला ना बे सदा," तो माझ्या पोटाकडे बघून म्हणाला. दहा वर्षांनी, समुद्रापलीकडून आलेल्या माणसाच्या तोंडून हे मेसमधले मराठी ऐकले आणि मला एकदम रडू आले. स्टँडवर रडणारा पुणेकर हा नागपूरकरांना फुकटचा तमाशा, म्हणून मी शिंकल्याचे सोंग केले.

तो दिल्लीला आला होता त्यांच्या पुढाऱ्याबरोबर. त्यांच्या संघटनेच्या त्या सर्वोच्च माणसाला नबील 'बुढा' म्हणे. त्यांच्याकडेही प्रेमाने असेच म्हणतात म्हणे. नबील होता बुढ्याच्या पहाऱ्यावर. त्या तुकडीला नाव नव्हते, नुसता एक आकडा होता. कोणी म्हणे तो टेलिफोनच्या जोडणीचा आकडा, कोणी म्हणे कुठल्याशा घराचा. जॉर्डनमधून त्यांना हुसकावल्यावर नेते बैरुतला आले, तिथे एकेकजण मारला जाऊ लागला, तेव्हा नेत्यांना सांभाळायला ही माणसे निवडली गेली. पुढे तीच तुकडी वाढत जाऊन लढणाऱ्या कमांडोंची झाली. मी विचारले, "म्हणजे फक्त पहाराच ना?"  तो म्हणाला, "काही लोक दुसरी कामं बी करत. ते तू विचारू नोको, मी सांगणार नाही." मी विचारले नाही.

बुढा दिल्लीत पाहुणा असल्याने पहाऱ्याची जबाबदारी आपल्या सरकारची होती. नबीलने तीन दिवसांची सुटी मागितली, आणि ती मिळाली.

साकोली

कमांडोबरोबर एसटीचा प्रवास कोणी करू नये. भंडाऱ्याला गाडी लागली होती, चांगली अर्धी रिकामी. नबील म्हणाला, "पहिली गाडी सोडायची." का, तर तसा नियम. ज्या गाडीत आपण बसणार असे लोकांना वाटते, त्या गाडीत बसायचे नाही. मी म्हटले, "अरे, इथे कोणाला काय वाटतंय? त्या कंडक्टरला तर आपण बसलो काय नि मेलो काय." पण गाडी गेली. साकोलीला पुन्हा तेच. लाखांदूरची गाडी समोर उभी, आणि हा तिच्याभोवती एक चक्कर मारून, वाकून खालून बघून आला. ड्रायव्हरने विचारले, "काय सांडलं का खाली?" ती गाडी आम्ही सोडली. दुसरी रद्द झाली. तिसरी संध्याकाळी होती.

तेव्हा साकोलीच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही दुपारभर बसलो. आलूबोंडा, त्यावर तिखट रस्सा, आणि चहा. नबीलने बाक ओढून दाराकडे तोंड केले. चहा आला. मी कप तोंडाला लावणार, एवढ्यात त्याने हात घालून माझ्या कपातला एक घोट घेतला, थांबला, आणि कप माझ्यापुढे ठेवला. स्वतःचा कप तसाच. मी बघत राहिलो. आमच्या पुण्यात दुसऱ्याच्या चहात वाटा मागायचा तर आधी तीन पिढ्यांची ओळख लागते.

तोही ओशाळला. "हात चालते बे आपोआप," तो म्हणाला. बुढ्याची कॉफी, बुढ्याचे सूप, गेली दहा वर्षे विषाच्या भीतीने पहिला घोट याचा.

मग तो बोलायला लागला. बैरुतला वेढा पडला त्या उन्हाळ्याचे त्याने सांगितले. बुढ्याला एका जागी दोन रात्री ठेवायचे नाही. कधी तळघर, कधी मोटारींचे गॅरेज, कधी नुसती मोटारच. एका दुपारी एका इमारतीत ते दोन तास थांबले. वरच्या मजल्यावरच्या बाईने त्यांना पाणी दिले. ते निघाले आणि पुढच्या वळणावर पोचले नसतील, तोच विमान आले आणि ती इमारत खाली बसली.

"बुढा वाचला," नबील म्हणाला. "आमचं काम चांगलं झालं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली. पण ती बाई, सदा? आम्ही तिच्याकडे थांबलो म्हणून ती मेली."

मी त्याचा तसाच राहिलेला चहा त्याच्यापुढे सरकवला. 

"मी वापस जाणार नाही," तो म्हणाला. "ठरवून आलो. मायकडे राहीन. बांधीत काम करीन. ज्या घरात मी झोपलो ते घर सकाळी उभं पाहिजे, बस, मले दुसरं काही नको."

 त्याच्या कागदांचे काय, पोलिसांचे काय, दिल्लीत परवा त्याची गणती होईल तेव्हा काय, हे सगळे मी त्याला सांगितले. तो ऐकत होता आणि रस्सा पुसून खात होता. मग त्याने मला विचारले, "माय हो म्हणेल ना?"

खरे सांगतो, त्या क्षणी मला कागद-पोलीस काही आठवेना. मला फक्त एवढेच वाटले की मायने हो म्हणावे. त्याच्या आईचा विषय मी काढला नाही. मेलेल्या माणसाचे नाव काढून जुनी जखम कशाला उकरायची, असा मी विचार केला.

गाव

गावाचे नाव मी लिहीत नाही. नबीलला आवडणार नाही. लाखांदूरच्या अलीकडे उतरायचे, एवढे पुरे. गाडीत शेजारी एक म्हातारेबुवा होते. त्यांनी विचारले, "कोन गावचे जी?"

"हैदराबाद," नबीलने बेधडक सांगितले.

"हैदराबादचा माणूस अना बोलते नागपूरवानी?" म्हाताऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि एकदम मांडीवर थाप मारली. "अरे, तू देवराम गुरुजीचा अरब नाही का! आमच्या बोडीत पोहत जाय तू!"

झाले. उतरलो तेव्हा कंडक्टरने खिडकीतून हाक दिली, "गुरुजीले सांगा, अरब आला!" दहा वर्षे ज्याचा ठावठिकाणा शत्रूच्या हेरांना लागला नाही, त्याची वर्दी आमच्या आधी घरी पोचली होती. देवराम, जो आता गावच्याच शाळेत गुरुजी आहे, धावत आला, आणि दोघांनी एकमेकांना असे आवळले की मी बाजूला उभा राहून दोघांच्या पिशव्या सांभाळल्या.

माय अंगणात उभी होती. पार वाळली होती. तिने नबीलच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, दाढी खरखरीत लागली तशी हसली. "काहून आला नाही रे इतके साल? मले वाटलं, मेली का जिती, हे बी इचारत नाही पोरगा."

जेवायला तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ आणि झिंग्यांची चटणी होती. झिंगे म्हणजे तलावातली बारीक वाळवलेली कोळंबीच म्हणा. ब्राह्मणाच्या पोराने हे सांगू नये, पण मी दोनदा मागून घेतली. नबीलने पहिला घास मायच्या ताटातून घेतला. ती म्हणाली, "लहान पोरावानी करते." तिला त्यातले काही माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

जेवणे झाली आणि पंचाईत उभी राहिली. नबील म्हणाला, मी शाळेच्या ओसरीवर झोपतो. माय फणकारली, "काहून? माह्या घरात ढेकनं झाले का?" त्याला सांगता येईना. मी देवरामला बाजूला घेऊन सांगितले, देवरामने मायला सांगितले: याला वाटते की हा जिथे झोपेल त्या घरावर संकट येते, आणि कोणी जागे राहिल्याशिवाय याला झोप येत नाही. मायने ऐकून घेतले. "मंग कोनी जागं राहीन. त्यात काय?" एवढेच म्हणाली आणि त्याची बाज आतल्या खोलीत टाकायला लावली.

सकाळी मी उठलो तर मायची गोधडी त्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवी पडलेली, आणि ती तिच्यावर बसून कोहळे चिरत होती. नबील आत घोरत होता. उन्हे छपराच्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, आली तरी उठला नाही. उठल्यावर तो ती गोधडी बघून बराच वेळ दारात उभा राहिला. मग मला म्हणाला, "पाहिलं? मी इथेच राहणार."

सकाळी आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे बांधीच्या बांधावरून, फिरून आलो. धान पोटरीला आले होते, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. नबीलने चप्पल काढून चिखलात पाय घातला. देवराम त्याला कोणत्या बांधीत पाणी कमी आहे, यंदा कोणते वाण टाकले, ते दाखवत होता, आणि हा असे प्रश्न विचारत होता की जणू पुढच्या कापणीला विळा याच्याच हातात असणार. पदवी अर्धवट सोडलेल्या माणसाला शेतकीतले इतके आठवत होते याचे मला नवल वाटले. मला पदवी मिळून मी विम्याच्या कचेरीत बसतो. नबीलने इथे राहायचे ठरवल्याचे देवरामला अजून सांगितलेले नव्हते. "मायशी आधी बोलतो," नबील म्हणाला. "आज जेवल्यावर."

सर्वपित्री

त्या दिवशी अमावास्या होती, सर्वपित्री. ज्यांची तिथी माहीत नाही अशा सगळ्या मेलेल्यांना या दिवशी जेवू घालतात. हे आमच्याकडेही आहे. फरक एवढाच की आमच्याकडे गुरुजी येतात, घड्याळाकडे बघत मंत्र म्हणतात आणि पुढच्या घरी पळतात. इथे सगळे मायच्या हाती. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. उडदाचे वडे, तांदळाची खीर, कढी, कोहळ्याची भाजी. चुलीतल्या निखाऱ्यावर तिने तूपभाताचा घास ठेवला, धूर घरभर झाला, आणि मग पळसाच्या पत्रावळी वाढायला घेतल्या. देवराम एकेक पान मागच्या बुटक्या छपरावर, कवेलूंवर ठेवत होता. सासरा, सासू, देवरामचे वडील, लहानपणीच गेलेला एक दीर. माय खाली उभी राहून एकेकाचे नाव घेऊन हात जोडत होती.

पाचवे पान आले. त्यावर इतरांसारखेच सगळे होते, आणि शिवाय कडेला चार खजूर.

नबील माझ्याजवळ उभा होता. हसत म्हणाला, "माय, खजूर कायले?"

"लाखांदूरच्या बजारातून आनते मी दरसाली," माय म्हणाली. "तूच नाही का सांगत, तुमच्यात पाहुन्याले आधी खजूर देते म्हनून? तुह्या मायचं पान होय ते."

मी नबीलकडे बघितले. त्याचे तोंड असे पांढरे पडले होते की मला वाटले, त्याला भोवळ येते आहे. मी त्याचा दंड धरला.

माय आपली सांगतच होती. तिथी कोणती ते माहीत नाही, म्हणून आपण सर्वपित्रीला घालतो. मुसलमानाची बाई, तिला आपले चालेल की नाही कोण जाणे, पण उपाशी तर नको राहायला. फक्त एकच वाईट वाटते. "बाकी सगळ्याईच्या पानाले कावळा शिवते. इच्या पानाले एकाबी साली शिवला नाही. मी दरसाली म्हनते, बाई, पोराची काळजी नोको करू, मी आहो. तरी नाही शिवत."

"माय," नबील म्हणाला.  "ती जिती आहे."

 देवराम ते पान छपराच्या कोपऱ्यावर टेकवून तसाच उभा.

मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. ती बातमी खोटी होती. ढिगाऱ्याखालून तिला तिसऱ्या दिवशी काढले, एक पाय गेला, पण वाचली. हे नबीलला कळले त्याच दिवशी तो नागपूरहून पळाला होता. नागपूरच्या सगळ्या अरब पोरांना माहीत होते, त्याला वाटले आम्हालाही कळले असेल. आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते, आणि आम्ही कोणी विचारले नव्हते. बैरुतला असताना महिन्या-दोन महिन्यांनी मोटारीने सैद्याला जाऊन तो तिला भेटत असे. मग वेढा पडला, तुकडी बुढ्याबरोबर जहाजात बसून ट्युनिसला गेली, आणि तेव्हापासून भेट नाही. मध्ये समुद्र, पलीकडे परक्या फौजा आणि आपापसात लढणारी माणसे. ती मात्र तिथेच छावणीत होती.

मायने दोन्ही हात तोंडावर घेतले. "बापा रे! जित्या बाईले मी मेल्यात बसवलं! दहा साल!"  जिवंत माणसाचे पान पितरांत मांडणे याच्याएवढा अपशकून नाही. आमच्या घरी असे झाले असते तर आजीने अंथरूण धरले असते. देवरामने तिला धरले, "माय, तुले का ठाव होतं?" म्हणत राहिला, पण ती ऐकेना. शेवटी मीच म्हटले, "माय, मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असं म्हणतात ना?"

ती थांबली. माझ्याकडे बघितले, मग छपराकडे. आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हनूनच शिवत नव्हता रे कावळा! त्याले ठाव होतं!"

छपराच्या त्या कोपऱ्यात शेजाऱ्यांचे मांजर ऊन खात बसते, हे मी सकाळीच बघितले होते. पण हा पुणेरी खुलासा मी गिळून टाकला. तेव्हा मलाही कावळ्याचेच खरे वाटत होते.

"काढ ते पान," माय नबीलला म्हणाली. "तुह्या हातानं काढ, अना गाईले घाल." त्याने काढले. पितरांच्या दिवशी कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवत नाही. मायने तो नियम मोडला. ओसरीवर पाट टाकला, नवी पत्रावळ मांडली आणि नबीलला बसवले. "जित्या मायचं पोर आज माह्या घरी उपाशी राह्यलं नाही पायजे." ती वाढत गेली आणि तो खात गेला. खाताखाता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होते आणि तो ते पुसतही नव्हता. मी इकडे तिकडे बघत बसलो.

हात धुतल्यावर त्याने विचारले. आडवळण नाही, काही नाही. "माय, मी वापस जात नाही. मले इथे ठेव."

 माय त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"तुह्या मायचं गाव इथून जवळ पडते, का तिथून?"

"तिथून."

"तिची खबर कशी लागते तुले?"

त्याने सांगितले. रेडिओवर एक कार्यक्रम असतो. छावणीतली माणसे नावे घेऊन निरोप देतात. मी बरी आहे, तू कसा आहेस, एवढेच. वर्षात दोन-तीनदा तिचे नाव ऐकू येते. एकदा तिचा आवाजच आला.

"इथं येते का तो आवाज?"

"नाही, माय."

"मंग इथं कायले राह्यतं?"

तो म्हणाला, मी तिकडे असलो तरी तिच्यापर्यंत जाऊ शकत नाही. माय म्हणाली, काहून, मोटार नाही जात? त्याने सीमा, फौजा, पहारे, सगळे सांगितले. तिला त्यातले किती कळले देव जाणे. लाखांदूरच्या पलीकडे ती कधी गेलेली नाही. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "एक पाय नसलेली बाई तिथं तुह्या वाटेकडे पाहून राहिली, अना मी तुले इथं ठेवून घेऊ? मेलेली होती तोवर तू माहा होता. आता कसा होशीन?"

मी तिच्यावर रागावलो होतो. अजूनही थोडा रागावलेलो आहे. या माणसाला जगात एकच दार उघडे होते आणि ते तिने लावले, असे मला वाटले. पण बोलताना तिचा पदर डोळ्यांना होता आणि दुसऱ्या हाताने तिने नबीलचे मनगट घट्ट धरून ठेवले होते.

परत

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्याच गाडीने निघालो. नबीलने ती सोडली नाही, खालून बघितलीही नाही. देवरामने पायलीभर चिन्नोर तांदूळ बांधून दिला होता. त्याचा वास पिशवीतून बाहेर येत होता. माय रस्त्यापर्यंत चालत आली. गाडी दिसली तशी ती नबीलला म्हणाली, "आता तिले भेटल्याबिगर माह्या दारात पाय ठेवजो नोको."

"आणि भेटलो तर?"

"तं दुसऱ्याच दिशी येजो. मी जिती आहो तोवर."

गाडीत तो माझ्या शेजारी, खिडकीशी बसला.  नागपूरच्या स्टँडवर त्याने मला मिठी मारली, "पोट कमी कर बे" म्हणाला, आणि गर्दीत असा मिसळला की मान वळवेपर्यंत दिसेनासा झाला. ते त्याचे कामच होते.

या गोष्टीला आता तीन-चार वर्षे होऊन गेली. वर्तमानपत्रात बुढ्याचा फोटो येतो, तेव्हा मी त्याच्या मागच्या माणसांची तोंडे भिंग घेऊन बघतो. बायको हसते. त्या मुलखाच्या बातम्या वाईटच येतात. छावण्यांना वेढे पडल्याचे वाचले की मला जेवण जात नाही. मायच्या गावी जाण्याचे माझे वेड मात्र वाढतच गेले. भाद्रपद आला की मला ते धान, तो धूर, ते बुटके छप्पर आठवते, आणि इथे चैन पडत नाही. पुण्यात सगळे आहे, पण उंबऱ्यावर आडवे होऊन कोणी आपल्यासाठी जागत नाही.

दोनदा पुन्हा जाऊन आलो. मायला आता कमी दिसते. मी गाडीतून उतरलो आणि अंगणात पाऊल टाकले, की ती दोन्ही वेळा डोळ्यांवर हात धरून माझ्या पाठीमागे बघत राहिली, आणखी कोणी येते का म्हणून. देवराम म्हणाला, "एकटे सदाभाऊच आहेत, माय."

मायने डोळ्यांवरचा हात खाली घेतला.

"म्हंजे माय भेटली नाही त्याले अजून," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेली.